खंडेनवमीच्या बाटल्या

॥ श्री ॥

कोल्हापूर
१८ जुलै १९९७

चि. मोहन यास,
जिजाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी खुर्चीत बस. आपल्या यशराजचे लग्न ठरले! माझा नातू नवरदेव होणार आणि मी पणजी व्हायच्या रांगेत जाऊन बसणार. मुलगी साताऱ्याची, बँकेत नोकरीला आहे आणि उंचीने यशराजपेक्षा बोटभर जास्तच भरेल. मी उदयसिंहाला म्हटले, बरे झाले, तुझ्या मुलाला बायकोशी मान वर करून बोलायची सवय पहिल्या दिवसापासूनच लागेल. मुहूर्त माघातला धरला आहे. म्हणजे ऐन वेळी कळवले अशी तक्रार करायला तुला जागा ठेवलेली नाही.

तू कशाला हवा आहेस ते वेगळे सांगायला नको. आबांच्या हातचा फेटा आता एकट्या तुझ्याच हातात उरला आहे. उदयसिंहाच्या लग्नात तू बांधलेला फेटा वरात संपली तरी जागचा हलला नव्हता, हे इकडे लोक अजून सांगतात. आबा सरकारच्या घोडदळात होते तेव्हा म्हणे स्वार घोड्यावरून पडायचा, पण फेटा डोक्यावरून पडत नसे. हे आबांनीच सांगितलेले असल्यामुळे आपण निम्मे खरे धरू. तर तू आणि संयोगिता आठ दिवस आधी या. येताना बडोद्याचा हिरवा लीलो चेवडो आण. माझे माहेर आता तेवढ्या पुडक्यातच राहिले आहे.

निवृत्त झाल्यापासून तुझ्या पत्रात बातम्या कमी आणि गोळ्या जास्त असतात. मागच्या पत्रात स्नेहलने अमेरिकेहून आणखी एक बाटली धाडल्याचे वाचले. लेकीचे जरूर घे, पण तिच्या नादात माझे टॉनिक मागे पडता कामा नये. उदयसिंहाच्या मित्राबरोबर पाठवलेली बाटली संपली का ते कळव. लेकीचे पोटात आणि बहिणीचे कपाटात असे कानावर आले तर मी स्वतः येऊन चमच्याने पाजीन.

आणि अक्षराला काय झाले आहे? शाळेत तुझा कित्ता मास्तर इतरांना दाखवायचे. आता कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली की काय असे वाटते.

बाकी क्षेम. माझी माया आहे तेवढी आहेच, चेवडा पोचल्यावर थोडी वाढेल.

तुझी
जिजाआक्का


॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
२ ऑगस्ट १९९७

ती. आक्का हिस,
मोहनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

यशराजची बातमी वाचून इतका आनंद झाला की संयोगिताने लगेच शेजारी पेढे वाटले. लग्न कोल्हापुरात आणि पेढे सुभानपुऱ्यात, म्हणून कीर्तिभाईंना वाटले की माझेच काहीतरी ठरले. अक्षराचा दोष पेनाचा आहे. हल्लीची पेने हातात राहतच नाहीत.

टॉनिकबद्दल निश्चिंत अस. मी कोणाचे मन मोडत नाही. निवृत्तीनंतर जरा दमल्यासारखे वाटते असे स्नेहलला फोनवर एकदा बोलून गेलो, तिथून हे सगळे सुरू झाले. आता सकाळी चहाबरोबर लेकीची बी-हंड्रेड. नावावरूनच कळेल, ही साधीसुधी बी नव्हे. नाश्त्यावर तुझे टॉनिक, झाकण काठोकाठ भरून. दुपारी कीर्तिभाईंच्या स्कीममधल्या गोळ्या, कारण ते त्या घरोघरी विकतात आणि त्यांच्या गच्चीला लागून आमची गच्ची आहे. रात्री कंपनीच्या जुन्या डॉक्टरांनी लिहून दिलेली कॅप्सूल. पंगतीत जसे प्रत्येक वाढणाऱ्याचा मान राखून थोडेथोडे घ्यावे लागते, तसे माझे चालले आहे.

तू हसशील, पण बी व्हिटॅमिनची करामत मी डोळ्यांनी पाहिली आहे. कीर्तिभाई जन्माचे शाकाहारी, दूधसुद्धा पचत नाही. गेल्या साली त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, पुढे पाय बधिर झाले, जिना उतरताना भिंत धरायचे. रक्त तपासले तर बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेले निघाले. डॉक्टरांनी लाल रंगाची इंजेक्शने दिली आणि हा गृहस्थ नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात पोरींच्या पुढे नाचत होता! तेव्हापासून त्यांचे मत असे की बी कितीही घ्या, वधारे होय ते नीकळी जाय. जास्तीचे निघून जाते हे मलाही पटते. सकाळी बाथरूममध्ये हळदीचा रंग दिसतो तो त्याचाच.

आता फेट्याचे. आक्का, कोल्हापुरात फेटे बांधणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या नगरीत बडोद्याहून माणूस नेणे बरे दिसत नाही. शिवाय माघात सोसायटीच्या पाण्याची टाकी बदलायची आहे आणि ते काम माझ्यावर सोपवले आहे. संयोगिताला पाठवीन, चेवडाही तिच्याबरोबर येईल. हरणीच्या मारुतीला दर शनिवारी जायचो तेही हल्ली बंद आहे, कारण स्कूटर विकून टाकली. चालणे तब्येतीला बरे असते.

यशराजला आशीर्वाद सांग. तुझ्या रागाला मी भितो हे ध्यानात ठेवून उत्तर लिहावे, ही विनंती.

तुझा
मोहन


॥ श्री ॥

कोल्हापूर
१० ऑगस्ट १९९७

चि. मोहन यास,
आशीर्वाद. पण या वेळी अनेक नाहीत.

पाण्याची टाकी! साठ वर्षांत तू मला पुष्कळ थापा मारल्यास, पण त्यांत थोडी तरी कारागिरी असायची. आंब्याच्या झाडावरून पडलास आणि मांजराने ढकलले असे आईला सांगितलेस, ती थापसुद्धा या टाकीपेक्षा बरी होती.

काय चुकले ते सरळ सांग. मुलगी बघायला जाताना तुला विचारले नाही म्हणून रुसलास? की उदयसिंहाचा फोन आला नाही म्हणून? मी त्याला तुझ्या पाया पडायला लावते. पण आबांच्या नातवाच्या मुलाच्या डोक्यावर भाड्याच्या माणसाचा फेटा बसणार आणि मी तो बघत पाटावर बसणार, हे तुझ्या मनाला कसे येते? मला फार लागले आहे, मोहन. थट्टेत लिहायला गेले, पण लागले आहे.

सोबत राखी आहे. नारळी पौर्णिमेला बांधून घे. टॉनिक मात्र घेत राहा, रागाचा आणि औषधाचा संबंध नाही.

रुसले असले तरी तुझीच
जिजाआक्का


॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
२७ ऑगस्ट १९९७

ती. वन्संना,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. कीर्तिभाईंच्या मिसेस पोस्टात टाकतील. तुम्ही रागावून लिहिलेले पत्र ह्यांनी दोनदा वाचले, मग पंचांगात ठेवून दिले. वन्सं, हे रुसलेले नाहीत. ह्यांच्या पायांत आणि बोटांत काहीतरी झाले आहे आणि ते तुमच्यापासून लपवत आहेत.

मागच्या हिवाळ्यात पावलांना मुंग्या यायला लागल्या. मग ती बधिर झाली. आता पायातली चप्पल वाटेत निघून पडते आणि हे तसेच पुढे चालत जातात, मागून कोणी हाक मारली तर कळते. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एक हात नळावर. स्कूटर का विकली माहीत आहे? ब्रेकवर पाय आहे की नाही हे पायाला समजत नव्हते. शर्टाची बटणे मी लावते. पेनाचा काही दोष नाही. तुमची राखी ह्यांनी हातात घेतली तर तिचा दोरा बोटांना लागेना, दोनदा खाली पडली. मी बांधली तेव्हा हे खिडकीबाहेर बघत होते.

एका दुपारी मी बाजारातून लवकर आले. ह्यांनी आबासाहेबांचा फेटा काढला होता आणि पितळी कळशी पालथी घालून तिच्यावर बांधून बघत होते. पहिले वेढे जमले, पण तुऱ्याच्या चुण्या बोटांतून सटकत राहिल्या. मला बघितल्यावर कापड घडी करून ठेवले आणि म्हणाले की आबांचेही असेच पायांपासून सुरू झाले होते, आता ते माझ्याकडे आले. मी डॉक्टर म्हटले की विषय उडवून लावतात. डॉक्टर आबासाहेबांचाच रोग सांगेल अशी भीती वाटते ह्यांना. कंपनीच्या डॉक्टरांना फक्त थोड्या मुंग्या येतात एवढे सांगून ती कॅप्सूल लिहून आणली. बाकीच्या गोळ्यांचे नावही काढले नाही, कारण मनाने औषधे घेतो म्हटले तर ते ओरडतात.

त्या दुपारपासून मात्र ह्यांनी जोर केला आहे. कीर्तिभाईंना बीने गुण आला ना, मग मलाही येईल म्हणून सगळ्याच गोळ्या दोन वेळा घेतात. तेवढाच मला धीर आहे की निदान औषधात हयगय नाही. तुम्ही मोठ्या आहात, काय करावे ते सांगा. ह्यांना मात्र मी लिहिल्याचे कळू देऊ नका.

आपला आधार असू द्यावा, दुसरे काय मागू?

आपली
संयोगिता


॥ श्री ॥

कोल्हापूर
६ सप्टेंबर १९९७

चि. सौ. संयोगिता हिस,
जिजाआक्काचे अनेक अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रात कमी केलेले त्याचे आशीर्वादही यात धरावेत.

तुझे पत्र वाचून मी देवघरात जाऊन बसले. मी इकडे त्याच्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणत होते. असो. मोहनला एक गोष्ट ठाऊक नाही. आबांचे पाय गेले ते साखरेने. ती साखर ते कोणाला कळू देत नसत आणि श्रीखंडाची वाटी पुढे करत. मोहन तेव्हा नोकरीपायी लांब होता, सगळे मी केले. तेव्हा त्याची साखर आधी तपासून घे.

तो दवाखान्यात जात नाही, तर दवाखाना घरी येऊ दे. तुमच्या जुन्या शेजाऱ्यांची कौमुदी आता डॉक्टर झाली आहे ना? हरणीला राहायला गेली तरी दसऱ्याला सोने द्यायला तुमच्याकडे येतेच. तिच्या कानावर सगळे घाल. तिला हा लहानपणापासून खांद्यावर घेऊन फिरला आहे, तिच्यापुढे ह्याचे काही चालायचे नाही.

तोवर त्याला हसता ठेव. खंडेनवमीला आबांची तलवार पाटावर मांडशील तेव्हा शेजारी ह्याच्या सगळ्या बाटल्याही मांड. शिपायाच्या घरातल्या ह्या माणसाची आता तीच हत्यारे. हळदकुंकू वाहताना माझ्या टॉनिकला एक फूल जास्त घाल.

धीर सोडू नकोस. मी लांब असले तरी तुझ्या पाठीशी आहे.

तुझी
जिजाआक्का


॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
१३ ऑक्टोबर १९९७

ती. वन्संना,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या थट्टेने काय केले ते ऐका. मी अजून भानावर आलेली नाही.

खंडेनवमीला पाटावर तलवार, दांडपट्टा, माझी विळी आणि ह्यांचा स्क्रू-ड्रायव्हरचा डबा मांडला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाटल्याही मांडल्या. एक चहाच्या कपाटातली, एक जेवणाच्या टेबलावरची, एक उशाजवळची, आणि तुमचे टॉनिक फ्रिजमधून. वन्सं, ह्या बाटल्या घरात कधी एकत्र आल्याच नव्हत्या. प्रत्येकीची जागा वेगळी, वेळ वेगळी, देणारा वेगळा. ह्यांना इतके हसू आले की स्वतः प्रत्येक झाकणावर कुंकवाचे बोट टेकवले. मांडलेले दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसेच राहू दिले.

दसऱ्याला कौमुदी आली. तिला मी फोनवर आधीच सांगितले होते. सोने देऊन ती पाया पडली आणि पाट बघून खो खो हसायला लागली. म्हणाली, काका, ही कोणती पलटण? मग गंमत म्हणून एक बाटली उचलून मागची बारीक अक्षरे वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचताना तिचे हसू थांबले. तिने आपट्याची पाने तबकात ठेवली, चारही बाटल्या खिडकीशी नेल्या आणि ह्यांना विचारले की यांतले रोज काय काय घेता आणि कधीपासून. ह्यांनी अभिमानाने सांगितले की सगळेच घेतो, पहिली बाटली दीड वर्षापासून, आणि हल्ली सगळ्याच दोन वेळा.

तिने ह्यांना समोर बसवले आणि ह्यांच्याच भाषेत समजावले. म्हणाली की चार बाटल्यांवर नावे चार आहेत, पण आत बी-सिक्स नावाचा एकच शिपाई चार गणवेश घालून उभा आहे. शरीराला तो दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरतो. तुमच्याकडे तो शेकडो पटींनी येतो आहे. बी व्हिटॅमिन जास्त झाले की निघून जाते हे सगळे खरे नाही. बी-सिक्स असा महिनोन् महिने ओतला तर तो नसांनाच इजा करतो, आणि कमतरतेत जशा मुंग्या येतात तशाच ह्यातही येतात. म्हणजे ह्यांना मुंग्या आल्या म्हणून हे गोळ्या वाढवत होते, आणि गोळ्या वाढवल्या म्हणून मुंग्या वाढत होत्या. हयगय नाही म्हणून धीर धरून बसलेली मीच.

ह्यांनी तिला एवढेच विचारले की, म्हणजे हे आबांचे नव्हे ना? ती म्हणाली की तपासल्याशिवाय शब्द देणार नाही, पण मला तसे वाटत नाही. हे उठले आणि तलवारीला हात जोडून आले. मी आत जाऊन भांडी घासायच्या निमित्ताने रडून घेतले.

कीर्तिभाईही सोने द्यायला आले होते. सगळे ऐकून इतके घाबरले की आपले बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन उद्यापासून बंद म्हणाले. कौमुदी त्यांच्यावरच चिडली. म्हणाली, तुमच्या अंगात ते खरोखर नव्हते, तपासून दिले आहे, म्हणून तुम्ही उभे आहात. ते सोडलेत तर पुन्हा भिंत धराल. औषध वाईट नाही, न तपासता आणि कोणाला न सांगता घेणे वाईट. स्कीमच्या गोळ्या मात्र ह्यापुढे काकांना विकायच्या नाहीत. कीर्तिभाईंनी कानाला हात लावला.

बाटल्या तिने पिशवीत घालून नेल्या. उद्या रक्त तपासायचे आहे. देवाला हात जोडा, आणि ह्यांना चार शब्द लिहा. आता तुमच्यापासून लपवण्यासारखे काही राहिलेले नाही.

आपली
संयोगिता


॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
२० नोव्हेंबर १९९७

ती. आक्का हिस,
मोहनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी चारही पत्रे मिळाली. एकात रडलीस, दोनात शिव्या दिल्यास आणि चौथ्यात रेसिपी पाठवलीस. सगळ्याला मिळून हे एक उत्तर.

साखर नाही. बी-ट्वेल्व्ह भरपूर. रविवारच्या मटणाचे हे फळ, असे मी संयोगिताला ऐकवले. सयाजीगंजातल्या नसांच्या डॉक्टरांनी पायांना विजेचे झटके देऊन पाहिले आणि कौमुदीचे म्हणणे खरे ठरवले. औषध असे काहीच दिले नाही. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच भेटला असा डॉक्टर, ज्याने फी घेऊन गोळ्या बंद केल्या. घरचे जेवण, डाळी, पालेभाज्या, अंडी यांतून हवे तेवढे बी मिळते म्हणाले, आणि पुढे कधी गोळी लागलीच तर एकच घ्यायची, कशासाठी आणि किती दिवस ते विचारून घ्यायची, आणि कोणत्याही डॉक्टरपुढे बसताना घरातली प्रत्येक बाटली बरोबर न्यायची.

बंद केल्यावर आधी थोडे वाढेल, असे त्यांनी बजावले होते. तसेच झाले. दिवाळीत मला फुलबाजी धरता येईना. त्या दिवसांत मी मनातून पार खचलो होतो, आक्का. आता सांगायला हरकत नाही. आबा खुर्चीत बसून आपल्या पायांकडे परक्याच्या पायांकडे बघावे तसे बघत, तेवढीच त्यांची शेवटची आठवण माझ्याजवळ आहे. मला वाटले, आता तीच खुर्ची. म्हणून टाकीची थाप मारली. तुला रुसलेला भाऊ चालला असता, पण तुझ्या मांडवात धडपडणारा, फेटा न येणारा भाऊ मला स्वतःलाच दाखवायचा नव्हता.

या आठवड्यात मात्र चप्पल निघाली आणि मला ती निघाल्याचे कळले! मी रस्त्यातच उभा राहून हसलो. भाजीवाल्याला वाटले, काकांचे बिनसले.

स्नेहल फोनवर फार रडली. मी तिला म्हटले, बाटलीवर दिवसाला एक लिहिले होते, दोन तुझ्या बापाने घेतल्या. तिला दिवस गेले आहेत, तुला कळलेच असेल. तिच्या डॉक्टरांनी तिला फॉलिक ॲसिड आधीपासूनच दिले आहे, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी ते लागतेच. तेही बीचेच भावंड. घाबरून ते सोडू नकोस, सांगितले तेवढेच घे, असे आता तिला मी शिकवतो. कौमुदी म्हणते, काका, तुम्ही माझी प्रॅक्टिस बुडवाल.

तुझ्या टॉनिकचा निकाल ऐकायचा आहे? त्यात बी-सिक्स नावाला होता. चौघांत सगळ्यात निर्दोष तूच निघालीस. तुझ्या औषधात दम नव्हता, हे मला आधीपासून वाटत होते.

मी येतो. टाकीचे काम कीर्तिभाई बघतील. पण फेट्याचे वचन मागू नकोस. बोटे अजून अर्धी माझी आहेत, अर्धी कोणाची ते कळत नाही. दुसरा माणूस सांगून ठेव.

तुझ्या मायेत तपासणी न करता कितीही वाढ झाली तरी चालेल.

तुझा
मोहन


॥ श्री ॥

कोल्हापूर
५ डिसेंबर १९९७

चि. मोहन यास,
जिजाआक्काचे झाकण काठोकाठ भरून आशीर्वाद.

दुसरा माणूस सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही. तू बांधलास तर यशराज फेट्यात उभा राहील, नाही तर बोडका उभा राहील आणि साताऱ्याची मंडळी आपल्याला हसतील. मी त्यांना सांगेन की माझ्या भावाला पाण्याची टाकी जास्त प्यारी आहे.

धडपडलास तर धडपड. तू पहिल्यांदा चालायला लागलास तेव्हा कोणाचे बोट धरले होतेस ते विसरलास वाटते.

वाट बघते आहे.

तुझी
जिजाआक्का


॥ श्री ॥

सुभानपुरा, बडोदे
१ मार्च १९९८

ती. आक्का हिस,
मोहनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. आधी अक्षर बघ. कोंबडी आता पाय पुसून चालते आहे. कौमुदीने डोळे मिटून उभे राहायला लावले, तर मी उभा राहिलो आणि तीच डुलायला लागली, कारण रात्रपाळी करून आली होती. पूर्ण बरे व्हायला वर्ष लागेल, थोडे राहूनही जाईल म्हणते. राहिले तर राहू दे, भाड्याने ठेवू.

यशराजच्या लग्नाचे फोटो आज आले. उदयसिंहाने वर चिठ्ठीत लिहिले आहे की फेटा वरात संपेपर्यंत हलला नाही. ते मला माहीत होते, कारण मी वरातभर नवरीऐवजी फेट्याकडेच बघत होतो. पण एक फोटो मी वेगळा काढून ठेवला आहे आणि त्याबद्दल तुझ्याशी भांडायचे आहे.

त्या सकाळी पहिले वेढे मी घातले. पीळ बसला, शेमला पाठीवर सोडला, आणि तुऱ्याशी आलो तेव्हा बोटांनी दगा दिला. एक चुणी धरली की दुसरी सुटायची. पुन्हा घातल्या, पुन्हा सुटल्या. खोली माणसांनी भरलेली, बाहेर बँड वाजायला लागलेला, आणि यशराज बिचारा मान न हलवता, डोळे मिटून बसलेला. आक्का, तेव्हा मी मनात म्हटले की आपण उगाच आलो. तेवढ्यात तू उठलीस. कोणाला विचारले नाहीस. पदर खोचलास आणि माझ्या हातातून टोक काढून घेतलेस.

मी तुला कसे धरायचे ते सांगायला तोंड उघडले. पण सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. तुझी बोटे माझ्या शब्दांच्या पुढे चालली होती. आबांचा तो शेवटचा उलटा मुडपा, जो मी उदयसिंहाच्या वेळीही दोनदा चुकलो होतो, तो तू एका फटक्यात घातलास. मला फक्त वेढा दाबून धरायचे काम राहिले.

आबा मला शिकवायचे तेव्हा अंगणात कापडाचे दुसरे टोक ताणून कोण उभे असायचे? तू. मी चुकलो की आबा माझ्या पाठीत धपाटा घालायचे आणि तू तिकडे हसायचीस. मला वाटायचे, ही नुसती खुंटी म्हणून उभी आहे. मुलींनी फेट्याला हात लावायचा नाही म्हणून तुला कोणी बांध म्हटले नाही, आणि मी तर कधी विचारलेसुद्धा नाही. आक्का, तू मला गेल्या जुलैत लिहिले होतेस की आबांच्या हातचा फेटा आता एकट्या माझ्याच हातात उरला आहे. ते तू खोटे लिहिलेस. टाकीची माझी थाप तुझ्या ह्या थापेपुढे काहीच नाही.

फोटोत नवरदेवाच्या डोक्यावर चार हात दिसतात. दोन थरथरतात म्हणून जरा पुसट आले आहेत. बांगड्यांचे दोन स्पष्ट आहेत. तो फोटो मी आबांच्या तलवारीखाली लावला आहे, जिथे खंडेनवमीला बाटल्या मांडल्या होत्या तिथेच. संयोगिता म्हणते, ह्या वर्षी खंडेनवमीला वन्सं आल्या तर पाटावर त्यांनाच बसवू.

स्नेहलला मुलगा झाला तर फेटा, मुलगी झाली तरी फेटा. बांधायला आपण दोघे. तेव्हा तब्येत जपून राहा, आणि तुझ्या त्या टॉनिकची बाटली आधी डॉक्टरला दाखव.

लोभ आहेच, तो असाच दोन वेळा घेत जाईन.

तुझा अर्धाच फेटेवाला भाऊ
मोहन